तोरणाखालची मॉरिस

हळद-लोण्यानं माखलेला हात मॉरिस गाडीच्या मडगार्डवरून फिरवत फिटरभाऊ गंभीरपणे म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना असं जेवायला बोलावतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण मोटारीला आवतन देणारा माणूस अख्ख्या ब्रह्मपुरीत एकच होता आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायचा.

ते राईस मिलमध्ये फिटर. म्हणून सगळे त्यांना फिटरभाऊच म्हणायचे. मिलच्या म्हाताऱ्या मालकानं कोंड्याच्या खोलीत टाकून दिलेली ही विलायती गाडी त्यांनी मागून आणली आणि वर्षभर तिच्याखाली पडून चालती केली. घरी ना वावर, ना बैल. "पण आमचं वजन ओढते तं हीच," ते म्हणायचे. संपला वाद.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, मग हिला कशी चालू करायची? म्हणून पहिल्या वर्षी आम्ही चौघं शेजारी गाडी ढकलत मारुतीच्या देवळासमोरच्या मैदानात घेऊन गेलो. चांगली धडधाकट, चालती गाडी! पोळा जवळ आला की माझी कंबर अजूनही आधीच धरते.

तोरणाखाली बैलांची रांग लागली होती. मानाच्या पाटलांनी आम्हाला अडवलं. पाय चारच्या चार दिसतात म्हणाले, पण शिंगं कुठी आहेत? फिटरभाऊंनी खिडकीतून हात घालून बटन फिरवलं. त्या काळच्या गाडीला वळण दाखवायला दाराजवळून टुणकन बाहेर येणारी दांडी असायची. उजवी आली, मग डावी आली. दोन्ही लालभडक रंगवलेल्या, टोकाला बेगड. पाटील जरा गडबडले, तरी म्हणाले, "जोडी कुठी आहे?"

फिटरभाऊंनी टपावरची झूल ओढून स्वतःच्या पाठीवर घेतली आणि मडगार्डला खांदा लावून उभे राहिले. "मी आहो ना."

सगळं मैदान हसलं, पाटीलही हसले आणि गाडीला जागा मिळाली. तेव्हापासून पाटील दरवर्षी तोच प्रश्न विचारायचे आणि फिटरभाऊ तेच उत्तर द्यायचे.

घोटाळा केला तो रंगानं. ऑइलपेंट नीट वाळायच्या आत त्यांनी दांड्या मिटल्या आणि डावं शिंग आत चिकटलं ते कायमचं. मग वहिनींना डावीकडे बसवून वळणावर हात काढायचं काम देण्यात आलं. राजुऱ्याला एका लग्नाला आम्ही सात जण त्या गाडीत कोंबून गेलो, माझ्या मांडीवर आहेराचं पातेलं. वहिनी वाटभर गाडीला शिव्या घालत होत्या, भंगारात द्या हिले एकदाची म्हणत होत्या आणि प्रत्येक डाव्या वळणाला बांगड्यांचा हात मात्र न चुकता बाहेर.

मागच्या हिवाळ्यात फिटरभाऊ आजारी पडले. एक दिवस मला जवळ बसवून विचारलं, "माझ्यामागं हिले तोरणाखाली कोण नेईन गा?" मी म्हटलं, ढकलायला आम्ही आहोत. "ढकलान तं तुम्ही. पण जोडी?"

उन्हाळ्यात ते गेले. इतका येडपट आणि इतका गोड शेजारी मला पुन्हा मिळणार नाही.

गाडी आता भंगारात जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." पाहतो तर वहिनी मडगार्डला लोणी चोळत होत्या. मला बघून ओशाळल्या. दरवर्षीची सवय आहे तिले, उपाशी कशी ठेवू, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ढकलत नेली. पाटील सवयीनं "जोडी..." म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. वहिनींनी झूल ओढली, पदरावरून पाठीवर घेतली आणि मडगार्डला खांदा लावला.

"मी आहो ना."

पहिल्यांदा कोणीच हसलं नाही. मग त्याच हसल्या आणि सगळं मैदान हसलं. पाटलांनी डोळे पुसत जागा दाखवली.

पोळा फुटल्यावर गाडी घरी आणताना खिडकीतून स्टीअरिंग मी धरलं होतं. वहिनी डाव्या बाजूनं चालत होत्या, झूल तशीच पाठीवर. आमच्या गल्लीचं वळण आलं, तसा त्यांनी डावा हात लांब केला आणि मी मुकाट्यानं गाडी वळवली.