उंबरठा नसलेली चौकट

मैत्रिणींनो, आज आमच्या नव्या घराची चौकट बसवली. आनंदाची बातमी म्हणून लिहायला बसले होते, पण तसं जमत नाहीये.

अर्धांगवायू झाल्यापासून हे व्हीलचेअरवर आहेत. तरी रोज दुपारी आम्ही दोघं रिक्षाने कळमनुरीला बांधकाम बघायला जातो. "घर होईपर्यंत तुम्ही स्वतःच्या पायांनी आत जाल," असं मी रोज वाटेत म्हणते. हे मान डोलावतात.

आज पूजेचं ताट घेऊन गेले, तर चौकटीला खाली उंबरठाच नव्हता. मी रशीद मिस्त्रींवर चिडले.

"भाभी, माझ्यावर काहून चिडून राहिल्या? साहेबांनीच फोन करून काढायला लावला. म्हणले, भाभीला आत्ताच सांगू नका."

मी यांच्याकडे बघितलं.

"खुर्ची अडली असती गं," हे म्हणाले. मग हळूच, "तू रोज म्हणतेस, मी रोज हो म्हणतो. दमलो आता."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. उंबरठ्याला हळदकुंकू लावायला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवलं. सुरुवातीला हसू यायचं. आता त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

मिस्त्रींनी खुर्ची ढकलली. एकही धक्का न लागता ती आत गेली. मी मात्र ताटातली हळदकुंकवाची वाटी हातात धरून बाहेरच उभी राहिले.

तुमच्यापैकी कुणाच्या दाराला उंबरठा नसेल, तर सांगाल का, हळदकुंकू कुठे लावता?