चौथी नळी

सोमवारी गुहा बंद असते, म्हणून त्या दिवशी तिच्या घरी सगळं सावकाश चालतं. ती गणवेशाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती, नवरा गालांना साबण फासून आरशासमोर उभा होता, आणि न्हाणीतला गळका नळ कधी दुरुस्त होणार यावर दोघांचा नेहमीचा वाद रंगात आला होता. नवरा गावभरचे नळ दुरुस्त करून पोट भरणारा.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,” ती म्हणाली, आणि दारावर थाप पडली.

दारात गुहेच्या कार्यालयातला कारकून उभा होता. हातात लांबट पाकीट, नजर पायपुसण्यावर.

“काकू, एक सही हवी होती. आधीच सांगतो, मजकूर माझा नाही. मी फक्त टाइप केलाय.”

“म्हणजे विष तू कालवलं नाहीस, नुसतं वाढायला आलास. ये, बस.”

तिने उभ्याउभ्याच कागद वाचला. मोठ्या दालनातल्या चुनखडीच्या अकरा नळ्या नैसर्गिक कारणाने मोडल्या असं त्यात लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी शाळेच्या सहलीला त्याबद्दल खोटी माहिती दिली आणि त्यांना त्याचा खेद आहे, असंही होतं. सही न केल्यास उद्यापासून तिकीट खिडकीवर बदली. खाली तिचं नाव, आणि नावावर रिकामी रेघ. तिने पुन्हा वाचला. तळपायाची आग मस्तकात गेली ती या दुसऱ्या वाचनाला.

खोटी माहिती! सत्तावीस वर्षांपूर्वी ती त्या गुहेत झाडू मारायला लागली होती. झाडता झाडता म्हाताऱ्या वाटाड्याच्या मागे फिरली, ऐकत गेली, विचारत गेली, आणि तो थकला तेव्हा त्याची विजेरी तिच्याकडे आली. छतातून लोंबणारे चुनखडीचे सुळे, जमिनीतून वर येणारे खांब, भिंतीवरचे दगडी पडदे, सगळं तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखं पाठ. लोकांना इथे हत्ती दिसतो, तिथे सिंह दिसतो, ती म्हणायची, “दिसू दे, पण हात लावून बघायचा नाही. चावतो.” माणसाच्या बोटाचं तेल दगडाला लागलं की पाण्यातला चुना तिथे धरत नाही, दगड काळा पडतो, वाढ संपते. म्हणून अरुंद वाटेवर ती प्रत्येकाला हात पाठीमागे बांधायला लावायची. मंत्री असो की मास्तर. गावात तिचं नावच पडलं होतं, ‘हातमागे’. बाजारात भाजीवाली सुद्धा तिला बघून थट्टेने हात मागे घ्यायची.

आणि मोठ्या दालनातल्या त्या नळ्या. छताला लोंबणाऱ्या, पेन्सिलीहून बारीक, कागदासारख्या पातळ. अकरांपैकी दहा कधीच्या आटलेल्या. डावीकडून चौथी मात्र जिवंत. तिच्या टोकाशी थेंब जमायचा, आणि “इथे थांबा, डोकं सांभाळा, आवाज करू नका” एवढं हिचं बोलून होईतो टपकन खाली पडायचा. सत्तावीस वर्षांत ते वाक्य थेंबाच्या मापाचं झालं होतं.

गेल्या मंगळवारी वाक्य संपलं आणि थेंब पडला नाही.

तिने विजेरी वर मारली. अकराच्या अकरा नळ्या जागेवर होत्या, पण प्रत्येकीच्या मधोमध नखाला पॉलिश लावल्यासारखं चकाकतं कडं. आदल्या दिवशी, सुट्टीचा मोका साधून, नव्या साहेबांनी तिथे फोटो काढण्यासाठी लोखंडी कमान उभी करवली होती. कमान उचलताना तिचं टोक नळ्यांना घासलं. पुढचं सांगायला ज्योतिषी नको होता. सहलीतल्या एका मुलीने विचारलं, “ही का चमकते?” तर हिने सांगितलं, “तुटली होती. गोंदाने चिकटवलीय.” एवढाच तिचा गुन्हा. बरोबरच्या शिक्षिकेने ते गुहेच्या अभिप्राय-वहीत लाल शाईने नोंदवलं, आणि वही साहेबांच्या टेबलावर गेली.

“कर गं सही,” नवरा गालावर वस्तरा ओढत म्हणाला. “तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. दगड तो दगड. तुटला, चिकटवला.”

“अहो, दगड नाही, नळी आहे ती. आतून पोकळ.”

“पोकळ?”

“पाणी तिच्या आतूनच येतं. टोकाशी थेंब थांबतो, चुन्याचं कडं मागे ठेवतो आणि पडतो. कड्याला कडं जोडत ती वाढते. मी लागले तेव्हापासून माझ्या नखाएवढी वाढलीय.”

नवऱ्याने वस्तरा खाली ठेवला. “आणि गोंद कुठे लावला म्हणालीस?”

“मोडली तिथे. बचाबच. भोकासकट.”

“कुठल्या गाढवाने?” तो अर्ध्या गालावरच्या फेसासकट ओरडला. “चालू लाइनीत बूच मारलं! अगं, ते पाणी दुसरीकडून फुटेल!”

“फुटलंय. शेजारच्या भेगेतून भिंतीवर ओघळतंय.”

कारकून खुर्चीच्या कडेवर आला. “काकू, मला खरंच वाटलं, दिसायला तरी बरं दिसेल. गोंदाच्या ट्यूबा मीच आणल्या होत्या.”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून उभाच राहिला.

“तुला माहीत होतं? आणि तरी ‘नैसर्गिक कारणाने’ टाइप केलंस? बोटं नाही रे अडखळली तुझी?”

“साहेब सांगत होते, मी…”

“साहेब आठ महिन्यांपूर्वी आले. तू सातवीत असताना माझ्या मागे हात बांधून चालला होतास त्या दालनात. चल. साहेब आहेत ना कार्यालयात?”

सुट्टी असून तिने गणवेश चढवला. वाटेत तिने साहेबांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी केली. त्यातले बरेच शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते.

साहेब पंख्याखाली कमानीचे फोटो बघत बसले होते.

“अरे वा, बाई! स्वतः आलात. झाली सही?”

“नाही.”

“हे बघा, ताणू नका. लोक फोटो काढायला येतात. नळीतून पाणी येतंय का नाही, कुणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता. मोडलं, आम्ही नीट केलं. घरात कप फुटला तर जोडतोच ना आपण?”

“जोडतो. पण जोडलेल्या कपात चहा ओतून पाहुण्याला देत नाही. आणि स्वतः कप फोडून, सून खोटं बोलते असा कागद तर मुळीच लिहून घेत नाही.”

कारकून दारात खोकला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले, मग आवाज मऊ केला. “सही करा, उद्यापासून पर्यटकांच्या तुकड्या पुन्हा तुम्हाला. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

वाटेत जमवलेले सगळे शब्द तिच्या जिभेवर आले. तिने हात सवयीने पाठीमागे बांधले. मग एक हात पुढे घेऊन कागद टेबलावर ठेवला, कोरी रेघ साहेबांकडे करून.

“खिडकीवर बसवा. तिकिटं फाडीन, मला कमीपणा नाही. कमान राहू द्या, फोटो काढू द्या. दहा नळ्या आधीच आटलेल्या होत्या, त्या चिकटलेल्या राहिल्या तरी चालतील. चौथीतला गोंद तेवढा काढा. चिकटवलेला तुकडा खाली पडला तर पडू दे. वर उरलेल्या खुंटातून पाणी येऊ द्या.”