वडिलांनी सोडलेला चेंडू

गिरणी बंद पडली तसा तिचा फुटबॉल क्लबही संपला. त्याचा इतिहास वर्तमानपत्रासाठी लिहायला मी भवानी पेठेत जुन्या कप्तानांकडे गेलो. माझे वडील त्या संघाचे गोलरक्षक, गिरणीत बदली कामगार. क्लबच्या शेवटच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी सोपा चेंडू सोडला. सामना जिंकलेल्या दुसऱ्या गिरणीने आठवड्याभरात त्यांना कायम नोकरी दिली. गिरण्या चांगले खेळाडू पळवत असत. हरलेला गोलरक्षक कशाला?

“मुद्दाम सोडला का?” मी विचारलं.

“पेपरवाला म्हणून इचारतोस का पोरगा म्हणून?”

“दोन्ही.”

“मग दोघंबी च्या प्या की,” कप्तान म्हणाले.

मी ‘चेंडू हातून निसटला’ असं लिहिलं. वडिलांनी मजकूर वाचून खेळाडूंची दोन नावं दुरुस्त केली. चेंडूच्या वाक्याला मात्र हात लावला नाही.