कोरा राहिलेला रकाना

गणपतीच्या आदल्या दिवशी पेणच्या बाजारात पत्रीवाल्या बसल्या, की त्या ओल्या हिरव्या वासाने मला आमच्या जिते गावामागची टेकडी आठवते.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. तिथे पत्री खुडता खुडता आईने एक पान उलटं करून माझ्या गालावर फिरवलं. "बघ गो, मांजराच्या कानासारखं हाय का नाय?" मग तिने त्याचं नाव सांगितलं. मी पान वहीत दाबलं आणि खाली लिहिलं: कडा दंतुर, टोक निमुळतं, पृष्ठभाग रोमिल. 'स्थानिक नाव' हा रकाना मात्र कोरा सोडला. गावठी नावांना शास्त्रात किंमत नसते, हे तिला तोऱ्यात ऐकवलंही. ती पुढच्या झुडपाकडे वळली.

त्या पानाचं शास्त्रीय नाव मला अजून तोंडपाठ आहे. आईने सांगितलेलं काही केल्या आठवत नाही. टेकडी कापून सपाट झाली, आणि आई आता मलाही ओळखत नाही.

तरी काल ते वाळकं पान मी तिच्या हातात दिलं. तिने बोटांनी हळूहळू चाचपलं. लव केव्हाच झडून गेली होती.

"कागद हाय, बाई," म्हणत तिने ते मला परत दिलं.