पापुद्रेमास्तरांचा कोट

भूगर्भाच्या प्रयोगशाळेत दगड कापणाऱ्या त्या माणसाला सगळे पापुद्रेमास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते, पण दगडाचा असा पातळ काप काढत की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. तीस वर्षं त्यांनी तांबड्या-काळ्या पट्ट्यांचे दगड कापले आणि तिथल्या शास्त्रज्ञबाईंकडून ऐकलेली त्या दगडांची हकिगत घरी बायकोला ऐकवली.

हकिगत अशी, की पृथ्वीच्या पहिल्या हवेत ऑक्सिजन नव्हताच. होता तो ज्वालामुखींनी ओकलेला धूर आणि वाफ. मग समुद्रातल्या इवल्याशा जिवांनी उन्हावर जगता जगता ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली. पण पाण्यात विरघळलेलं लोखंड टपूनच बसलेलं. ऑक्सिजन सुटला रे सुटला की गट्ट करायचं, गंजायचं आणि तळाशी जाऊन बसायचं. तेच हे तांबडे पट्टे. कोट्यवधी वर्षांनी लोखंडाचं पोट भरलं, तेव्हा कुठे हवेत काही उरलं. बायको ऐकता ऐकता गॅलरीत त्यांचा कामाचा कोट झटकायची. काय श्रोता मिळालाय, असं मास्तरांना वाटे.

आता तिला एक जिना चढवत नव्हता. घरात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसांचे फोटो पाहिले आणि मास्तरांना बाजूला घेऊन त्यांचं काम विचारलं. काही थरांत ॲस्बेस्टॉसचे निळसर तंतू असतात, बारीक आणि श्वासातून गेले तर घातक, हे मास्तरांनी सांगितलं. आपण मात्र मास्क कधी काढला नाही, म्हणून ठणठणीत आहोत, हेही जरा तोऱ्यातच सांगितलं.

"घरी कपडे कोण धुवायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

चार दिवस मास्तर मूग गिळून बसले. स्टोव्हच्या धुराने झालं असेल, अशी बायकोची समजूत होती आणि ती मोडायची त्यांना भीती वाटत होती. पाचव्या दिवशी दुपारी तिनेच ती जुनी हकिगत सांगायला लावली. लोखंडापाशी येऊन मास्तर अडखळले.

"अगं, हे माझ्या कोटातून आलं," ते म्हणाले. "दगडातलं. तुझ्या छातीत."

तिने नाकातली नळी सावरली, दम घेतला.

"उन्हात निळं चमकायचं, ते का? मला वाटायचं, तुमच्या त्या जुन्या दगडांचं काहीतरी घरी येतंय. म्हणून मी जवळ धरून झटकायचे."

"मग लोखंडाचं पोट भरलं, आणि पुढे?" तिने दोनदा विचारलं. त्यांना पुढचं सांगवेना.