मुर्रीच्या पिकअपचा हॉर्न

ती घटना आजही आठवली की आधी तो हॉर्न कानात वाजतो आणि मागोमाग माझा तेव्हाचा वैताग. पोलिसातल्या नोकरीची शेवटची काही वर्षं मी गोंदिया जिल्ह्यात काढली. गुन्हा नाकारणारे तर रोजच पाहिले, पण 'मीच केलं, लिवा' म्हणणारा आणि त्याचं म्हणणं मलाच पटू नये, असा आरोपी तो एकच.

नवेगाव बांधच्या रस्त्यावर दिवे लागायच्या वेळी एका म्हाताऱ्या मासेविक्याला पिकअपने उडवलं होतं. गाडी थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"गाडीचा नंबर पाहिला का?"

"नंबर कायले पाहू जी? मुर्रीवाल्या पोराची गाडी होय ते. माह्या मासोळ्या रोज तोच नेते गोंदियाले. तो हॉर्न देते, मी रस्त्यावर येतो, तो थांबते." म्हाताऱ्याने माझा हात धरला. "साहेब, रोज थांबते. मंग कालच काऊन नाही थांबला? एवढं इचारा तेले."

मोडलेल्या पायापेक्षा त्याला हेच जास्त दुखत होतं.

मुर्री गावात ती गाडी शोधायला कष्ट पडले नाहीत. असल्या नटव्या गाड्यांचा मला मुळातच राग. कंपनीतून निघालेली साधी पांढरी पिकअप, पण पठ्ठ्याने तिला पुढे जाड नळ्यांचा गार्ड लावलेला, टपावर पिवळ्या दिव्यांची रांग, आरशांना काळे गोंडे आणि बाजारातून आणलेला म्युझिकल हॉर्न. नवरदेवाच्या अंगावरही एवढा साज नसतो! गार्डच्या सांध्यात थर्माकोलचा तुकडा अडकलेला होता, आणि म्हाताऱ्याची माशांची पेटी थर्माकोलचीच होती. मी पंचनामा केला, तुकडा सीलबंद केला आणि ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तिशीचा, शांत स्वभावाचा पोरगा.

"मी नव्हतो जी तिकडे," तो म्हणाला. "पण मासोळीवाले मामा वाचले ना?"

"नाटकं बंद कर," मी म्हटलं. प्रकरण निकालात निघालं असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी चोरखमाऱ्याहून माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, त्या पोट्ट्याले काऊन धरलं? काल सांजीले तो आमच्या इकडं धान भरून राहिला होता. मीच पोते चढवले."

"गाडी तीच होती?"

"तीच जी. पण बोडकी होती. ना गार्ड, ना लाइट, ना गोंडे."

चोरखमारा जिल्ह्याच्या एका बाजूला, नवेगाव बांध दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हरच्या मोबाइलचं लोकेशन मागवलं, तर तेही चोरखमारा! माणूस इकडे आणि त्याच्या गाडीचा गार्ड तिकडे माणसं उडवतोय, हा काय प्रकार? खबऱ्याला कोणी फितवलं असेल, असंही मनात आलं. पण खोटी साक्ष देणारा 'गाडी बोडकी होती' असं कशाला सांगेल? तो उलट दिवे आणि गोंडे जास्तीचे सांगेल. डोक्याचा पार भुगा झाला.

मी ड्रायव्हरला समोर बसवून थर्माकोलचा तुकडा टेबलावर ठेवला. "हा तुझ्या गार्डमध्ये कसा आला?"

तो तुकड्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "लिवा साहेब. मीच मारलं."

"अरे, तू तर चोरखमाऱ्याला होतास ना?"

"नव्हतो जी."

आमचा हवालदार गोंदिया शहरातला, हिंदीच बोलायचा. तो हसून म्हणाला, "साहब, आज तक मुलजिम भागते थे, ये तो चिपक रहा है।"

मला हसू येईना. मी त्या पोराला दंडाला धरून अंगणात त्याच्या गाडीत नेऊन बसवलं. "वाजव तुझा तो हॉर्न. ऐकू दे आम्हालाही."

त्याचा हात स्टिअरिंगच्या डावीकडे खाली गेला आणि चाचपडत राहिला. बटण तिथे नव्हतं. त्याने वाकून पाहिलं, शेवटी ते उजवीकडे दाराजवळ सापडलं. रोज हॉर्न वाजवणाऱ्याला आपल्याच गाडीत बटण सापडेना!

"हे तू बसवलेलं नाही," मी म्हटलं. "सगळा साज उतरवून कोणाला दिला होतास?"

तो खाली उतरून गाडीच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "बहिणीच्या अंगाची हळद नाही उतरली जी अजून..."

मग सगळं बाहेर आलं. त्याच्या जावयाकडेही, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याकडेही, त्याच कंपनीची पांढरी पिकअप, पण साधी. लग्नानंतर बहीण पहिल्यांदा माहेरी आली होती आणि जावई तिला न्यायला आला. याने आपल्या गाडीचा सगळा साज काढून त्याच्या गाडीला चढवला. "बहीण बोडक्या गाडीत कशी धाडू साहेब?" ते दोघं नवेगावच्या रस्त्याने घरी निघाले आणि हा बोडकी गाडी घेऊन चोरखमाऱ्याला गेला. सकाळी जावयाने साज आणून घाईघाईने स्वतःच बसवला आणि तो निघून गेला. पाठोपाठ आम्ही पोहोचलो. थर्माकोल पाहिल्यावर याला उमगलं, आणि बहिणीचा संसार मोडू नये म्हणून गडी तुरुंगात जायला तयार झाला.

जावयाला बोलावून घेतलं. सोबत बायकोही आली. जावई खाली मान घालून 'मले काही ठाऊक नाही' एवढंच म्हणत राहिला. मी आवाज चढवणार, एवढ्यात ती भावाकडे बघून बोलली.

"दादा, हॉर्न मीनं वाजवला. तुहा हॉर्न म्हणून हौस वाटली मले. वाजला अना ते बुढे बाबा हात वर करून रस्त्याच्या मधात आले. हासून राहिले होते रे. मी थांबा थांबा म्हणत राहिली, ह्याईचा बिरेक लागलाच नाही टायमावर."

हॉर्न ऐकून माणसं बाजूला होतात, आणि हा म्हातारा ओळखीचा हॉर्न ऐकून पुढे आला होता. जावयाने गुन्हा कबूल केला. त्याला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. "खरं सांगून या, मी घरीच हाओ," असं त्याला कोर्टात नेताना तिने माझ्यासमोर बजावलं.

ड्रायव्हरला घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेलो. त्याला पाहताच म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. मी सगळी हकिकत सांगितली. म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हंजे गाडीत तू नव्हता?"

"नाही जी मामा."

"मंग बरं झालं बापा," म्हाताऱ्याने त्याचं डोकं जवळ ओढलं. "मले वाटलं, तू मले पाहूनबी नाही थांबला."

अपघातानंतर म्हातारा पहिल्यांदा तेव्हा रडला. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो.

म्हाताऱ्याने हॉर्नवरून माणूस ओळखला, मी गार्डवरून. तो बिचारा प्रेमाने चुकला, मी गाडीच्या रागाने. आरोपी समोर बसून 'मामा वाचले ना' विचारत होता आणि मला ते नाटक वाटलं. त्यानंतर साहित्य जप्त करण्याआधी मी माणसाचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायला लागलो.

निवृत्तीनंतर एकदा नवेगावला गेलो होतो. तीच पिकअप रस्त्याच्या कडेला उभी होती, गार्ड नाही, दिवे नाहीत. पोरगा गाडी बंद करून खाली उतरला आणि त्याने मोठ्याने हाक मारली, "मामा, मी आलो जी!" आणि काठी टेकत म्हातारा रस्त्यावर आला.