भाऱ्याच्या दोराचं टोक

आधी मावशीचं सांगतो. सरळगावजवळच्या पाड्यावर राहणारी, मुरबाडच्या बाजारात पळसाची पानं विकणारी. ती नसती तर मी रस्त्याकडेलाच बसून राहिलो असतो.

सातवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी जालन्याहून मी इकडे आलो. राहायला शहापूर, काम मुरबाडला, ग्रिलवाल्याकडे. वेल्डिंगची काच एकच, ती मिस्त्रीकडे. मी अँगल धरायचा आणि ठिणगी उडाली की तोंड फिरवायचं. पण तोंड फिरवलं की अँगल हलतो, शिव्या बसतात. त्या दिवशी मी बघतच राहिलो.

संध्याकाळी जीपमध्ये डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पापणी उघडेना.

शेजारचा प्रवासी ड्रायव्हरला ओरडला, "डोळे आलेत याचे. उतरव रे याला!"

सरळगावला मला उतरवलं. मागोमाग त्याच जीपमधली मावशी उतरली. उरलेल्या पानांच्या भाऱ्याच्या दोराचं टोक तिनं माझ्या हातात दिलं.

"धर. आज तू बैल हो."

चालताना पौल आठवत होता. वडील रविवारी घरी बायबलमधून त्याची गोष्ट वाचायचे. येशूच्या माणसांना धरायला निघालेला पौल वाटेत उजेडानं आंधळा झाला, सोबतच्यांनी हात धरून त्याला दिमिष्क शहरात नेलं. पुढे तोच प्रेषित झाला, तंबू शिवून पोट भरत गावोगाव फिरला. तो आंधळा असताना त्याच्याकडे जायला एक माणूस भ्याला होता, तरी गेला. तिथं वडील आवाज हळू करायचे. पौलाचे डोळे तीन दिवसांनी उघडले. माझे नाहीच उघडले तर? घरी कमावणारा मी एकटा. इतका दमलो होतो की प्रार्थनाही अर्ध्यात सुटायची.

मावशीचा मुलगा चिडला. "आये, कोन कुठचा, आन साथ घरात आनलीस!"

"गप रे. झाली तर मना होईल."

दोन दिवस ती डोळ्यांवर गार पाणी सोडत होती. मग एका सकाळी पापणी उघडली. पहिलं दिसलं ते तिचं पलीकडे फिरवलेलं तोंड. साथ लागेल म्हणून ती न बघताच पाणी सोडत होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. चालता डोळा एकच.

कामावर परतलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साथ कसली? काचेशिवाय बघितलंस, त्यानं झालं." मी जाऊन तिला सांगितलं, तर हसली.

"मंग माझी मान उगाच अवघडली रं!"

मावशी, जरा सुटी मिळू दे. तुला शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. दोर नको, हात धरून नेईन.